दोष पंपाचा, थकवा पायांचा

हार्ट फेल्युअर झालेला माणूस एक मजला चढला तरी त्याला धाप लागते, मांड्या भरून येतात. कारण उघड वाटतं: हृदय कमजोर, रक्त कमी पोचतं, म्हणून ताकद कमी. या समजुतीतून उपचारही सहज ठरला, तो म्हणजे विश्रांती. अमेरिकेत जॉर्ज बर्च यांच्यासारखे नामवंत डॉक्टर 1960च्या दशकातही अशा रुग्णांना महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवून ठेवत. हेतू चांगलाच होता. हृदयावरचा भार हलका व्हावा.

या समजुतीला पहिला धक्का साध्या मोजमापानं दिला. 1981मध्ये फ्रँसिओसा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की विश्रांतीच्या वेळी हृदय किती जोरानं आकुंचन पावतं यावरून रुग्ण किती व्यायाम करू शकेल हे सांगता येत नाही. आणखी एक कोडं होतं. डोब्युटामिनसारख्या औषधानं हृदयातून बाहेर पडणारं रक्त वाढलं, तरी रुग्णाची व्यायामक्षमता लगेच वाढत नव्हती. मग अडचण कुठे होती?

शोध स्नायूकडे वळला, आणि मला या कथेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. स्नायूला काम करायला एटीपी नावाचं इंधन लागतं. ते झटपट पुन्हा तयार करण्यासाठी फॉस्फोक्रिएटिनचा साठा असतो, आणि तो भरून काढायचं काम मुख्यतः पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचं, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांचं. 1980च्या दशकात चुंबकीय अनुनादाच्या तंत्रानं हा साठा कातडीला टाचणीही न लावता मोजता येऊ लागला. विल्सन यांनी पेनसिल्व्हेनियात आणि मॅसी यांनी सॅन फ्रान्सिस्कोत रुग्णांच्या हाताचे स्नायू तपासले. हलक्याशा कामातही साठा भराभर संपत होता, आम्लता लवकर वाढत होती.

आक्षेप येणारच होता: रक्तच कमी पोचतं, त्यात स्नायूचा काय दोष? मॅसी यांच्या गटानं 1988मध्ये दंडाला पट्टा आवळून रक्तप्रवाहच थांबवला आणि रुग्ण व निरोगी माणसं यांची तुलना केली. रक्त दोघांनाही सारखंच बंद, तरीही फरक उरला. म्हणजे बिघाड स्नायूच्या आतही होता. पुढे 1992मध्ये ड्रेक्सलर यांनी मांडीच्या स्नायूचे तुकडे तपासले, तेव्हा मायटोकॉन्ड्रियांचं प्रमाण कमी आढळलं.

इंग्लंडमध्ये अँड्र्यू कोट्स यांनी याला सिद्धान्ताचं रूप दिलं. दुबळा स्नायू काम करताना मज्जातंतूंवाटे जादा संदेश पाठवतो, त्यानं श्वास वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात, आणि आधीच थकलेल्या हृदयावर ओझं वाढतं. म्हणजे ज्या विश्रांतीवर सारी भिस्त होती, तीच स्नायू आणखी झिजवून आजाराला हातभार लावत होती. त्यांच्या गटानं 1990मध्ये अवघ्या 11 रुग्णांना घरच्या घरी सायकल चालवायला लावली आणि क्षमता वाढली. 1993मध्ये याच गटानं नियमित व्यायाम केल्यावर कामाच्या वेळी फॉस्फोक्रिएटिन कमी वेगानं संपतं हेही दाखवलं.

अपेक्षांना मर्यादा आहेत, हेही सांगायला हवं. 2009च्या एचएफ-ॲक्शन चाचणीत 2331 रुग्ण होते. व्यायाम सुरक्षित ठरला, जीवनमान थोडं सुधारलं. पण मृत्यू आणि इस्पितळवाऱ्या कमी होण्याचा फायदा माफकच, तोही सांख्यिकीय दुरुस्तीनंतर दिसला. व्यायामानं हृदय नवं होत नाही. मात्र ज्याला न्हाणीघरापर्यंत जाणंही जड जातं, त्याच्यासाठी चार पावलं जास्त चालता येणं ही किरकोळ गोष्ट नाही. त्याच वर्षी आलेल्या फेअर-एचएफ चाचणीत लोहाची कमतरता असलेल्या रुग्णांना शिरेतून लोह दिल्यावर ते सहा मिनिटांत जास्त अंतर चालू लागले, ॲनिमिया नसलेलेसुद्धा. मायटोकॉन्ड्रियांना लोह लागतंच. आपल्याकडे लोहाची कमतरता घरोघरी आहे, म्हणून हे आपण विसरू नये.

आपल्या घरांत मात्र अजूनही प्रेमापोटी ‘तुम्ही उठू नका, बसून राहा’ असंच म्हटलं जातं. घरात असा रुग्ण असेल, तर प्रकृती स्थिर झाल्यावर डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: किती आणि कोणाच्या देखरेखीखाली चालायचं, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासलं आहे का.