पंगतीत कोण राहिलं?

मननासाठी उतारा: प्रेषितांची कृत्ये ६:१-७ आणि ८:२६-४०

बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद, कलबुर्गी अशा सीमाभागातल्या कुठल्याही कॉलेजात ज्यांच्यावर प्रार्थनागटाची जबाबदारी आहे, त्यांच्यासाठी हे मनन. एका बैठकीत संपवण्याची घाई नको. जिथं थांबायला सांगितलं आहे तिथं थांबा. बायबल, वही आणि पेन जवळ ठेवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत राहू द्या.

पाठ ताठ, खांदे सैल. श्वास जसा येतो-जातो तसा येऊ-जाऊ द्या.

आता गेल्या सभेला आलेले चेहरे आठवा. पुढं बसणारे आधी येतील, गिटारवाला येईल, हसून बोलणारी मुलगी येईल. त्यांना येऊ द्या. मग मधले. मग दाराजवळ बसलेले, उशिरा आलेले, शेवटच्या प्रार्थनेआधीच चप्पल शोधणारे. एखाद्याचं नाव आठवत नसेल तर ‘दाराजवळचा, चष्मा’ एवढंच वहीत लिहा.

थांबा.

आता सहाव्या अध्यायातली पहिली सात वचनं वाचा, शक्य तर मोठ्यानं.

यरुशलेमातली मंडळी नवी आहे आणि माणसं रोज वाढताहेत. अशात कुरकुर सुरू होते: रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं आहे. कुणी ठरवून त्यांना उपाशी ठेवलं, असं लूक म्हणत नाही. बहुधा वाढणाऱ्याची नजर ओळखीच्या चेहऱ्यांवर गेली, आपल्या बोलीत हाक मारणाऱ्यांच्या ताटात आधी पडलं, आणि पंगतीचं एक टोक तसंच राहिलं. वाढपी चांगला माणूस असला तरी असं होऊ शकतं. या प्रसंगात खलनायक नाही, म्हणूनच तो आपल्याला लागू पडतो.

मनाला हा प्रश्न विचारा: आमच्या पंगतीचं ते टोक कुठलं? उत्तर लगेच आलं तर त्यावर फार विश्वास ठेवू नका. पुन्हा विचारा.

आपला मुलूख जरा डोळ्यांसमोर आणा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्यातला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठी मुलखाकडे गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्राकडे, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे. सोयरिकी मात्र रेघ ओलांडून चालूच राहिल्या. औरादच्या मुलाचं आजोळ उदगीरला असतं, हुमनाबादच्या मुलीची मावशी जहिराबादला. म्हणून बिदरच्या वर्गात एका बाकावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी सहज ऐकू येतात. कलबुर्गीकडे बंजारा तांड्यावरून आलेली मुलं आपसांत गोरबोली बोलतात. आळंद तालुक्यात कडगंचीला २००९ मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय विद्यापीठ आहे. तिथं देशभरातून मुलं येतात. या भागातल्या कॉलेजांत लिंगायत घरातली, मुसलमान, बौद्ध मुलं असतात, बिदरच्या गुरुद्वाऱ्यामुळं शीखही. विद्यार्थ्यांची अशी सरमिसळ या भूमीला नवी नाही. बिदरच्या मदरशाला बांधून साडेपाचशे वर्षं झाली. तो १४७२ मध्ये उभा करणारा महमूद गावान स्वतः इराणातल्या गिलानहून आलेला होता.

थांबा. आपल्या गटात किती भाषांत घरी फोन केला जातो, ते मोजा.

आता एका गाण्याकडे जवळून पाहू. कन्नड गीत सुरू झालं. औरादच्या मुलीनं ते वहीत देवनागरीत उतरवून घेतलं आहे, कुणाकडून तरी ऐकून, पेन्सिलीनं, दोन ठिकाणी खोडून. पहिलं कडवं ती नेटानं म्हणते. दुसऱ्यात ओळ हुकते, बोट वहीवर मागं-पुढं फिरतं, मग नुसते ओठ हलत राहतात. थोड्या वेळानं ‘उपासना संगीत’मधलं मराठी गीत निघतं. तीच मुलगी वही मिटते, डोळे मिटते, आणि तिचा खरा आवाज त्या खोलीला पहिल्यांदा कळतो. आता कन्नड बोलणारा हुमनाबादचा मुलगा खाली बघतो आहे.

गटाचा पुढारी तेव्हा काय करत असतो? बहुतेकदा पुढचं गाणं शोधत असतो.

त्याला दोष देऊ नका, स्वतःलाही देऊ नका. फक्त त्या मुलीचा चेहरा आणि त्या मुलाचा चेहरा, दोन्ही थोडा वेळ समोर ठेवा.

पुन्हा उताऱ्याकडे या. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना एकीचा उपदेश केला नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि म्हटलं, तुमच्यातूनच सात जण निवडा. निवडलेल्यांची नावं सावकाश वाचा: स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन आणि बाकीचे. सातही नावं ग्रीक आहेत. एक जण तर अंत्युखियाचा, यहुदी धर्मात बाहेरून आलेला. ज्या बाजूची तक्रार होती त्याच बाजूच्या नावांच्या हाती पळी गेली, आणि तीही सगळ्या पंगतीसाठी.

पुढारपणाचं हे अवघड पाऊल आहे. ‘मी भाषांतर करून सांगतो’ असं म्हणणं सोपं असतं, कारण त्यात पळी आपल्याच हातात राहते. तेलुगू बोलणाऱ्या मुलीनं सभेची सुरुवात तेलुगूत करणं आणि त्या पाच मिनिटांत आपल्याला काही न कळणं, हे जड जातं. गाणी कोण निवडतं, व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन कोण, वचन कोण वाचतं, आजारी मुलाला भेटायला कुणाला पाठवलं जातं: अधिकार अशा बारीक जागी बसलेला असतो.

वहीत या चार कामांपुढं सध्या करणाऱ्यांची नावं लिहा. सगळी एकाच भाषेची निघाली, तर तेवढं पाहा आणि थांबा.

आणखी एक टोक आहे, आणि ते भाषेचं नाही. या भागातल्या मेथडिस्ट मंडळ्या मोठ्या प्रमाणात दलित वस्त्यांतून उभ्या राहिल्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी जवळजवळ फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये सगळ्या दलित शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. त्यामुळं शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या एखाद्या मुलाच्या दाखल्यावर एक नाव असतं आणि चर्चच्या वहीत दुसरं. आईबापांनी फीचा विचार करून जे केलं, त्याचं ओझं तो वाहतो. अशा मुलाला सभेत सर्वांसमोर ‘तुझा बाप्तिस्मा झाला का?’ असं विचारू नये. सभेचा फोटो न विचारता स्टेटसला टाकू नये. तो स्वतः सांगेल, किंवा सांगणार नाही. दोन्हींना गटात जागा असू द्या.

थांबा. ज्याची चौकशी तुम्ही मनातल्या मनात केली आहे, असा एक जण आठवा. ती चौकशी सोडून द्या.

आता आठव्या अध्यायातला दुसरा उतारा वाचा.

फिलिप्प हा त्या सातांपैकीच एक. पंगतीत वाढायला नेमलेला माणूस आता गाझाच्या रस्त्यावर आहे. इथिओपियाच्या राणीचा एक अधिकारी रथात बसून यशया वाचतो आहे. फिलिप्प काय करतो ते क्रमानं पाहा. तो रथाजवळ धावत जातो आणि आधी ऐकतो. मग एकच विचारतो: वाचतोस ते तुला कळतं का? वर चढून बस, असं अधिकारीच म्हणतो. संदेष्टा हे कुणाविषयी बोलतो आहे, हा प्रश्नही अधिकाऱ्याचाच. पाणी दिसल्यावर बाप्तिस्म्याची गोष्ट तोच काढतो. नंतर फिलिप्प तिथं राहतसुद्धा नाही. अधिकारी आनंदानं आपल्या वाटेनं जातो, आपल्या देशाला, फिलिप्पाशिवाय.

आपल्या गटात येणारा लिंगायत मित्र, मुसलमान मैत्रीण यांच्यासोबत बसताना हा क्रम ध्यानात ठेवा. संविधानाचं २८ वं कलम सांगतं की मान्यताप्राप्त किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत ओढता येणार नाही. कर्नाटकानं २०२२ मध्ये केलेल्या कायद्यात बळजबरी आणि आमिष दाखवून केलेल्या धर्मांतराला शिक्षा ठरवली. पण समोरच्यानं बोलावल्यावरच रथात चढायचं, ही फिलिप्पाची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि पाळायला त्याहून कडक.

तरुण वयातल्या निर्णयाची झळ घराला लागते, हे मराठी मंडळीच्या इतिहासातही लिहिलेलं आहे. १८३९ मध्ये मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षांची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या पुढं, स्वतःच्या विचारानं आणि स्वतःच्या वेळेला. टिळकांनी अखेरच्या काळात, १९१७ मध्ये, ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखंच बसता येत होतं. वाट पाहणं ते घरातच शिकले होते.

थांबा. जिच्या किंवा ज्याच्या निर्णयाची तुम्हाला घाई झाली आहे, ते नाव देवापुढं ठेवा. काही मागू नका. नाव तेवढं घ्या.

हवी तर ही प्रार्थना सावकाश म्हणा, प्रत्येकानं आपल्या घरच्या भाषेत:

प्रभो, माझ्या कानांना फक्त माझीच बोली गोड लागते, ते उघड. टोकाला बसलेल्याकडे माझी नजर वळव. जे काम मी माझं म्हणून धरून बसलो आहे, ते दुसऱ्याच्या हाती देण्याचं धैर्य दे. बोलावल्याशिवाय चढू नये आणि बोलावल्यावर मागं राहू नये, एवढी समज दे. आमेन.

मनन इथं संपलं, काम राहिलं आहे. वहीतल्या चार कामांपैकी एक निवडा आणि पुढच्या सभेआधी ते अशा मुलाला किंवा मुलीला द्या, जिची भाषा तुमच्या गटात आजवर पुढं आलेली नाही. देताना सूचना देऊ नका, मागून दुरुस्त्याही करू नका. ती चुकली तरी पुढच्या वेळी काम तिच्याकडेच राहू द्या.