साक्ष कोणी द्यायची?

घरसभेत पाळक म्हणायचे, "आता कोणीतरी साक्ष द्या," की लहानपणी माझ्या पोटात गोळा यायचा. आमच्या खटकचिंचोळी गावात साक्ष म्हणजे बांधाच्या भांडणात, कोर्टात उभं राहून द्यायची गोष्ट. तिथे आपल्याच बाजूने दिलेल्या साक्षीला कोण वजन देतं? मग देवाच्या बाबतीत मीच माझा साक्षीदार कसा?

मराठीत ही साक्ष आधी शब्दांतूनच आली. फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली. 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुढे शाळा काढल्या, पुस्तकं छापली, बाजारात उभं राहून उपदेश केला. त्या काळचं लेखन वाचताना वाद जिंकण्याची घाई जाणवते. बेळगावचे बाबा पदमनजी त्या वादांत मुरलेले, तरी १८५७ च्या 'यमुनापर्यटना'त ते विधवांच्या दुःखापाशी थांबले. इथून काहीतरी वळलं, असं मला वाटतं.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं मला दोन्ही तारखांपेक्षा मोलाची वाटतात. विरह, मग पुन्हा एकत्र येणं, आणि नवरा ख्रिस्ती झालेला असताना बायकोने सांभाळलेलं सोवळं. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना कळतं की धर्माचा खरा प्रश्न प्रवचनात नव्हता. पाणी कोणाच्या हातचं प्यायचं, जेवायला कोणाशेजारी बसायचं, यात होता. तो लक्ष्मीबाईंनी स्वतःशी झगडून, आपल्या गतीने सोडवला. टिळकांनी भजन-कीर्तनाला उपासनेत मानाची जागा दिली, आणि १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. सुवार्ता सांगण्याचा पगार नको, हा निर्णय मला त्यांच्या कवितेइतकाच थोर वाटतो.

पंडिता रमाबाईंनी तर साक्षीला हातच दिले. दुष्काळात सापडलेल्या मुलींना त्यांनी केडगावला आणलं. तिथे शेती होती, मागावरचं विणकाम होतं, छापखाना होता. साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पोट आणि पुस्तक त्यांनी वेगळं मानलं नाही.

हे सगळं वाचलं तेव्हा मला आपल्याच मातीची आठवण झाली. बसवण्णांचं कल्याण इथून लांब नाही. कायक आणि दासोह हे शब्द आमच्याकडे कन्नड बोलणाऱ्यालाही कळतात आणि मराठी बोलणाऱ्यालाही. कष्टाला भक्ती मानायचं आणि मिळेल ते वाटून खायचं. या शब्दांच्या शेजारी वाढलेल्या ख्रिस्ती माणसाने नुसतं बोलून कसं भागेल? तुरीच्या राशीवर माप कसं धरलं, मजुराला संध्याकाळी पैसे दिले की आठवडाभर ताटकळत ठेवलं, हे गाव बघत असतं. आपल्या वतीने साक्ष शेजारीच देणार.

मागच्या पावसाळ्यात पलीकडच्या लिंगायत घरची आक्का दारात आली. "तुमच्या येशूला सांगा, पोरीचा ताप उतरत नाही." मी आधी विचारलं, दवाखान्यात नेलं का? नव्हतं नेलं. मोटारसायकल काढली, आक्का पोरीला मांडीवर घेऊन मागे बसली. प्रार्थना भालकीच्या दवाखान्याच्या वाटेवर झाली, पावसात, डोळे रस्त्यावर ठेवून.