तांड्याची कविता कोणत्या लिपीत?

बोलीतल्या कवीचा सत्कार असला की व्यासपीठावरून एक वाक्य हमखास येतं: यांनी आपली बोली जिवंत ठेवली. बंजारा समाजाच्या गोरबोलीच्या बाबतीत ते मला खटकतं. किनवट-माहूरपासून मुखेड, जळकोट, अहमदपूरपर्यंतच्या तांड्यांवर ही बोली टिकली ती घरात बोलली गेली म्हणून, बायकांनी गायली म्हणून. लग्नानंतर निरोप घेताना नवरी ढावलो म्हणते. थोरल्या बायकांकडून शिकलेली चाल धरून, एकेकाच्या गळ्यात पडत, रडता रडताच ती आपलं माहेर त्यात ओवते. ही रचनाच आहे, पण तिचा सत्कार कुठे झाला नाही. जतनाच्या श्रेयाचा पहिला वाटा तिचा.

मग छापील कवीनं काय करावं? वीरा राठोड यांच्या ‘सेन सायी वेस’ या संग्रहाला 2015 साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, तो मराठीसाठी. बोलीचे अभिमानी म्हणतात, अशानं मराठीच श्रीमंत होते. कवीनं गोरबोलीतच लिहावं. त्यांची तळमळ मला पटते. 2011च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी, म्हणजे गोरबोलीच, ही मातृभाषा सांगणारे 32 लाखांवर लोक हिंदीच्या खात्यात धरले गेले. जिची मोजदादही दुसरीच्या नावावर होते, तिच्या कवींनीही शेजारच्या भाषेचा रस्ता धरला तर तिला वाली कोण?

पण गोरबोलीत लिहायचं ते कोणत्या लिपीत? इथे देवनागरी, तेलंगणात तेलुगू, कर्नाटकात कन्नड. राज्यांच्या सीमांनी हा समाज आधीच वाटून टाकलाय: तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. किनवटला छापलेलं पुस्तक लगतच्या आदिलाबादेत, केवळ तेलुगू शाळेत शिकलेल्या पोराला वाचता येणार नाही; तीच कविता म्हणून दाखवली तर कळेल. म्हणून मराठीतल्या पुस्तकाबद्दल माझी तक्रार उरत नाही. ऊसतोडीहून परतलेलं तांड्यावरचं पोर ज्या गुरुजींसमोर बसतं, त्यांना ते पोर कळायला मराठीतली कविता हवीच. गोरबोलीतल्या कवितेनं मात्र आधी कानावर पडावं. होळीला गातात त्या लेंगीत एखाद्या नव्या कवीची ओळ शिरावी, पुढच्या वर्षी दुसऱ्या तांड्यानं ती आपल्या सोयीनं बदलून गावी, आणि ती मुळात कुणाची हे गाणाऱ्यांना ठाऊकही नसावं, इतकी मोकळीक कवीनं तिला द्यावी.