कारण न सापडलेली वेदना

दुःखाचे कारण शोधणे हा मनुष्यबुद्धीचा धर्मच आहे, आणि आपल्या परंपरेत तर या शोधापासूनच तत्त्वविचाराला आरंभ होतो: सांख्यकारिकेची पहिलीच कारिका त्रिविध दुःखाच्या आघातातून जिज्ञासा जन्मते असे सांगते, आणि समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक, आधिभौतिक व आधिदैविक या तिन्ही तापांना एकेक स्वतंत्र समास दिला आहे. परंतु ज्या वेदनेचे कारण वैद्यालाही सापडत नाही, आणि जी मनुष्याने स्वतः विचारपूर्वक पत्करलेल्या उपचाराच्या पाठोपाठ आलेली आहे, तिच्याविषयी धर्मबुद्धीने काय म्हणावे? लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर ज्यांचे पोट महिनोन्महिने दुखत राहते आणि ज्यांच्या तपासण्या मात्र निर्दोष येतात, अशा माणसांच्या बाबतीत हा प्रश्न फार तीव्रतेने उभा राहतो.

ही शस्त्रक्रिया तशी अर्वाचीन आहे. व्रणामुळे ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढावा लागला, त्यांचे वजन उतरते आणि सहसा परत वाढत नाही, या निरीक्षणावरून अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली गॅस्ट्रिक बायपास प्रथम केली. आज ती ज्या स्वरूपात करतात, त्यात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी राखून तिला लहान आतडे जोडतात. पुष्कळांचा मधुमेह तिने आटोक्यात येतो व आयुष्य सुसह्य होते, हे निर्विवाद आहे; तिच्याविरुद्ध फिर्याद मांडण्याचा माझा मुळीच हेतू नाही. जोडावर होणारा व्रण, वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात धरणारे खडे, बी-बारा, लोह व थायमिन यांची उणीव, आतडे नव्या फटीत सरकून होणारा अंतर्गत हर्निया, हे तिच्यामागून येणारे उपद्रव डॉक्टरांच्या परिचयाचे आहेत. मात्र हे सर्व तपासून झाल्यावरही काही जणांची वेदना उरतेच.

माझ्या एका मावसबहिणीची अवस्था मी जवळून पाहिली आहे. इन्शुलिनवर असलेली, दोन जिने चढताना कठड्याला धरून थांबणारी ती बाई शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात ओळखू येईनाशी झाली, इन्शुलिन सुटले, आणि त्याच सुमारास डाव्या बरगडीखाली एक कळ सुरू झाली. ती कधी जेवणानंतर येते, कधी उपाशीपोटी, कधी मध्यरात्री. आणि आली म्हणजे माझी बहीण स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन्ही कोपरे टेकून, कपाळ मनगटावर ठेवून, कळ ओसरेपर्यंत तशीच वाकून उभी राहते. एन्डोस्कोपी झाली, सीटी स्कॅन दोनदा झाले. फाइल जाड होत गेली आणि प्रत्येक वेळी ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ एवढाच निकाल हाती आला.

गेल्या श्रावणात घरी सत्यनारायण होता. सव्वा मापाचा, साखरतुपाने ओथंबलेला शिरा द्रोणातून पुढे आला, तेव्हा तिने त्यातील दोन कण जिभेवर ठेवले आणि द्रोण अदबीने बाजूला सारला. या शस्त्रक्रियेनंतर गोड पदार्थ थेट आतड्यात उतरतो, तेथे पाणी ओढून घेतो, आणि थोड्याच वेळात छाती धडधडू लागते, घाम सुटतो, पोटात मुरडा येतो. हे कारण सुस्पष्ट आहे व त्याचा त्या बरगडीखालच्या कळेशी काहीही संबंध नाही. पण तिची चुलतसासू शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “अगं, प्रसादाला नाही म्हणू नये. कथेतल्या कलावतीच्या नवऱ्याची नाव बुडाली, ती कशामुळे? तुझं दुखणं उगीच का हटत नाहीये!” म्हातारीच्या मनात द्वेष नव्हता; तिच्याजवळ एक कथा होती आणि समोर कारणावाचून पडलेले एक दुःख होते, तिने दोहोंची गाठ मारून टाकली. बहीण काही बोलली नाही. रात्री मात्र तिने मला विचारले, “खरंच माझं काही चुकलं असेल का?”

या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो तो अजून स्वस्थ नाही. कारण न सापडलेल्या वेदनेची जागा फार वेळ मोकळी राहत नाही, तेथे अपराध येऊन बसतो. आणि लठ्ठ मनुष्याच्या बाबतीत तर तो आधीपासूनच दाराशी ताटकळत असतो. जिभेवर ताबा नव्हता म्हणून वजन वाढले, कष्ट नकोत म्हणून पोट कापून घेतले, आता भोगा, असा समाजाचा हिशेब असतो. वस्तुतः चरकाने सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाची गणना आठ निंदित देहांत केली असली, तरी स्थौल्याच्या कारणांत त्याने अतिआहाराबरोबर बीजस्वभावही सांगितला आहे. शिवाय मेदाने मार्ग अडल्यामुळे कोष्ठातील वायू अग्नी चेतवतो व त्यामुळे भूक वाढते, असे सांगून त्या अनावर भुकेलाही त्याने रोगाच्याच व्यापारात जागा दिली आहे. ज्याला आपण निव्वळ हावरेपणा म्हणून हिणवतो, त्याकडे त्या प्राचीन वैद्याने अधिक न्यायबुद्धीने पाहिले होते.

आणि कर्मसिद्धांत? सर्व वेदना पूर्वकर्माचेच फळ होय, हे मत आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याला विरोध करणे म्हणजे धर्मालाच विरोध करणे असे वाटते. परंतु संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धाला नेमका हाच प्रश्न केला, तेव्हा बुद्धाने पित्त, कफ, वात, तिन्हींचा संनिपात, ऋतुपालट, देहाची विषम हाताळणी, बाह्य आघात आणि कर्मविपाक अशी वेदनेची आठ कारणे सांगितली. कर्म त्यांत आहे, पण आठांतील एक म्हणून. आणि जे लोक सारे काही पूर्वकर्मावर लोटतात ते स्वतःच्या अनुभवाची व लोकमान्य सत्याची मर्यादा ओलांडतात, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय आहे. कर्मावर ज्याची श्रद्धा आहे त्याने ती अवश्य ठेवावी. दुसऱ्याच्या पोटात उठलेल्या कळेवरून त्याच्या पूर्वजन्माचा मजकूर वाचून दाखवण्याची सनद मात्र त्या श्रद्धेने कोणाला मिळत नाही.

डॉक्टरांच्या ‘नॉर्मल’ या निकालाविषयीही आपल्या तर्कशास्त्राला सांगण्यासारखे आहे. एखादी वस्तू दिसत नाही एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही. ती असती तर या ठिकाणी, या साधनाने, या वेळी दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसणे हे अभावाचे प्रमाण होते, आणि मीमांसक व वेदान्ती त्यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. पोटाच्या बाबतीत ही अट पुष्कळदा पुरी होत नाही. आतड्याच्या जोडणीमागे पीटरसन या जर्मन शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाणारी एक पोकळी असते. वजन उतरून आतड्याभोवतीची चरबी वितळली की अशा फटी उलट रुंदावतात, त्यांतून आतडे सरकते आणि कधी आपोआप परतही येते. कळ नसलेल्या दिवशी काढलेल्या स्कॅनला ते कसे दिसावे? म्हणूनच जाणते सर्जन स्कॅन निर्दोष असतानाही, तक्रार टिकून राहिली तर दुर्बिणीने पोट आतून पाहावे असे सुचवतात. कधी असेही होते की दाखवण्यासारखी इजा कोठेच नसते, पण मज्जासंस्थाच इतकी संवेदनशील होऊन बसते की साध्या हालचालीचीही तिला वेदना म्हणून जाणीव होते. तीही वेदनाच. जगभरच्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारताना, मला दुखते हे मनुष्याचे सांगणे मानले गेले पाहिजे, असे मुद्दाम नमूद केले. आपले नैयायिक दुःखाला मानसप्रत्यक्षाचा विषय मानतात; म्हणजे ज्याचे त्याला ते साक्षात कळते, इतरांना त्याच्या शब्दावाचून दुसरा मार्ग नाही. अशा वेळी त्या शब्दाला आप्तवाक्याचा मान देणे मला धर्माच्या कोणत्याही विधीइतकेच बंधनकारक वाटते. “मनावर घेऊ नकोस” हा उपदेश खरा असेलही, पण तो विश्वास ठेवून झाल्यानंतरचा आहे. त्याआधी केला तर तो आणखी एक घाव होतो.

राहिला तिच्या चुकीचा प्रश्न. प्रज्ञापराध म्हणजे बुद्धी, धैर्य व स्मृती ढळून केलेले कर्म, असे चरक सांगतो. तिने तर दोन डॉक्टरांचा सल्ला घेतला होता, धोके वाचून सही केली होती, नवऱ्याशी व मुलांशी चार महिने विचार केला होता. हे सारे मी तिला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “साखर उतरली हे खरं आहे, आणि दुखतं हेही खरं आहे. मला दोन्ही म्हणायचंय, पण लोक एकच म्हणू देतात.”

अलीकडे एका सर्जनने तिची कळांची वही, जीत ती वेळ, खाल्लेला पदार्थ आणि कळ टिकल्याचा अवधी टिपून ठेवते, फाइल उघडण्यापूर्वी सबंध वाचली आणि दुर्बिणीने तपासावे असा सल्ला दिला. आत काही सापडेल याची हमी देता येत नाही, आणि काही न सापडल्यास वेदनेवरचे उपचार बंद होणार नाहीत, या दोन्ही गोष्टी त्यांनी तिला समोर बसवून सांगितल्या. दुसरी ऐकल्यावर तिने तारीख घेतली.