नाव नसलेले अकरा जण

जुन्या अमेरिकी फोटो-पोस्टकार्डांत एक दृश्य पुन्हा पुन्हा भेटते. कुठल्याशा गावचा फुटबॉल संघ रांगा करून बसला आहे. अंगात जाड लोकरी स्वेटर, मांड्यांवर गादीसारख्या फुगलेल्या विजारी, एखाद्याच्या गळ्यात लोंबणारे रबरी नाक-कवच. मधल्या पोराच्या हातात चेंडू आणि त्यावर पांढऱ्या रंगात फक्त साल, १९०८. नावे कुठेच नाहीत.

हा खेळ मला धड कळत नाही. पण ही पोरे पाहिली की प्रश्न पडतो, ज्यांचे नाव उरले नाही त्यांचे आपण काही देणे लागतो का?

कोडॅकने १९०३ मध्ये पोस्टकार्डाच्या मापाचे फोटो काढणारा घडीचा कॅमेरा आणला. १९०७ पासून अमेरिकेत पत्त्याच्या बाजूलाच मजकूर लिहायची मुभा मिळाली. अशी कार्डे आईला, बहिणीला, मित्राला जात. मग नावे का नाहीत? कारण ज्याच्या हाती कार्ड पडायचे त्याला ती ठाऊकच होती. आईला मुलाचे नाव काय सांगायचे! म्हणजे नाव न लिहिणे ही उपेक्षा नव्हती, ओळखीचीच खूण होती. विस्मृती पुढे आली, घर मोडले आणि अल्बम बाजारात गेला तेव्हा. यात अन्याय करणारा कोण, हे मला तरी सापडत नाही.

इथे थांबता आले असते, पण कार्लाइल आडवे येते. पेनसिल्व्हेनियातल्या या गावी १८७९ मध्ये मूळ अमेरिकी जमातींच्या मुलांसाठी सरकारी निवासी शाळा निघाली. मुलांचे केस कापले, त्यांची भाषा बंद केली, त्यांना नवी इंग्रजी नावे दिली. याच शाळेच्या संघाने १९१२ मध्ये लष्करी अकादमीच्या संघाला २७-६ असे हरवले. त्यात जिम थॉर्प होता. त्याच वर्षी जिंकलेली ऑलिम्पिक पदके १९१३ मध्ये त्याच्याकडून काढून घेतली गेली, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव परत लागायला २०२२ उजाडले. तो तर १९५३ मध्येच गेला होता. कार्लाइलच्या खेळाडूंची नावे वर्तमानपत्रांत छापून येत. पण त्यांतली कितीतरी नावे आईने ठेवलेली नव्हती. त्याच शाळेच्या कबरस्तानात काही दगडांवर 'अज्ञात' एवढेच कोरलेले होते.

तेव्हा नाव लिहिले की न्याय झाला, असे मानायला मन धजत नाही. त्या गावच्या पोराला निदान कोणीतरी त्याच्याच नावाने हाक मारत होते.

आणखी एक टोचणी आहे. १९०५ च्या एका हंगामात हा खेळ खेळताना अठराएक जण मेले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या लोकांना बोलावून घेतले, १९०६ मध्ये नियम बदलले, चेंडू पुढे फेकायची परवानगी मिळाली. आज तोच खेळ कोट्यवधी लोक मजेत पाहतात. मेलेल्यांचा आकडा सांगणारे भेटतात, नावे सांगणारा क्वचितच. इथे मात्र देणे आहे असे मला वाटते, कारण त्यांच्या मरणाचा फायदा पुढच्यांनी घेतला.

आणि चेंडूवर १९०८ लिहिलेली ती पोरे? त्यांच्याकडून मी काही घेतलेले नाही. तरीही कार्ड उलटून मागचे पेन्सिलीचे अक्षर वाचताना हात जरा अडखळतो. ते पत्र मला लिहिलेले नव्हते.