टाचणी लाल बाजूला की काळ्या?

चि. मनू,

तुझं पत्र पोचलं. रोज लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या घुमटाशेजारून जातेस, पण मान वर करायला फुरसत होत नाही, असं लिहिलं आहेस. खरंच होत नसेल बाई. तरी एखाद्या सकाळी पाव तास आधी ऊठ (पहाटे उठणाऱ्या आजोबाकडून दुसरं काय ऐकणार म्हणा!) आणि त्या आवारात जरा रेंगाळ.

तिथे जॉन न्यूबेरी नावाच्या गृहस्थाचं पुस्तकांचं दुकान होतं. १७४४ साली त्याने मुलांच्या खिशात मावेल असं एक पुस्तक काढलं आणि पुढच्या वर्षी सेंट पॉलच्या आवारात बिऱ्हाड हलवलं. पुस्तकाची किंमत सहा पेनी. त्याच्याबरोबर मुलाला चेंडू किंवा मुलीला टाचण्यांची उशी हवी असेल तर आठ. चेंडू-उशीची एक बाजू लाल, दुसरी काळी, आणि टाचण्या दहा. चांगलं वागलं की टाचणी लाल बाजूला, वाईट वागलं की काळ्या. दहाच्या दहा लाल बाजूला गेल्या तर गोष्टीतला राक्षस मारणारा जॅक एक पेनी पाठवणार, काळ्या बाजूला गेल्या तर छडी! दुकानदार मोठा बेरकी. पण मला आवडतं ते हे, की हिशेब टाचणी-टाचणीने व्हायचा, एका दिवसात निकाल नाही.

त्याच्याही आधी, १७४० च्या सुमाराला, थॉमस बोरमन नावाच्या दुकानदाराने जेमतेम अडीच इंच उंचीची पुस्तकं काढली आणि त्यांना नाव काय दिलं, तर ‘राक्षसी इतिहास’! तुझ्या त्या सेंट पॉलचा इतिहासही त्यात आहे, दोन इवल्या भागांत. एवढ्याशा पानावर अक्षर बसवायचं म्हणजे काय, हे छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवलेल्या माणसाला विचार. एक खिळा उलटा पडला की सगळी ओळ मोडायची, पुन्हा लावायची. चिडून चालत नाही, चिडलं की बोटं थरथरतात.

न्यूबेरीनेच १७६५ साली छापलेल्या ‘गुडी टू-शूज’ या गोष्टीतली मार्जरी तर मला आमच्या धंद्यातलीच वाटते. अनाथ पोर. शाळेतून परतणाऱ्या मुलांची पुस्तकं उसनी घेऊन ती वाचायला शिकते, मग चाकूने लाकडाची अक्षरं कोरते, टोपलीत भरून घरोघर जाते आणि मुलांकडून शब्द जुळवून घेते. पैसा नव्हता, लाकडाचे तुकडे होते. तेवढ्यावर ती घरोघरची मास्तरीण झाली. (तुझी आजी जुन्या साडीच्या काठाच्या पिशव्या शिवायची, आठवतं?) शेवटी मार्जरीचं श्रीमंताशी लग्न लावून दिलंय, तिथे मात्र मी पान उलटतो. आणि एक गंमत सांगू? तिचे वडील तापाने जातात, का, तर त्या गावी डॉक्टर जेम्सची औषधी पूड मिळत नव्हती! ती पूड विकायचा कोण? न्यूबेरीच.

आपल्याकडे सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ हे मुलांचं पुस्तक आणलं, तेही बेर्कँ नावाच्या फ्रेंच लेखकाच्या बोधकथांवरून. तेव्हा उपदेशाचे डोस साऱ्या जगभर सारखेच पाजले जात होते. तुला ते पाजायची मला गरज नाही. तुझ्या टाचण्या लाल बाजूलाच असणार, हे मला न मोजताही ठाऊक आहे.

फक्त एवढं कर. पुढचं पत्र लिहिल्यावर शाई वाळू दे, मगच घडी घाल. मागच्या खेपेला अर्धं पान समोरच्या पानावर उलटं उमटलं होतं. तुझी आई आरसा शोधत बसली. मला लागला नाही; उलटी अक्षरं वाचण्यातच जन्म गेला.

तुझा,
आजोबा