तीन सेकंद

नव्या यंत्राची परीक्षा घराजवळच घ्यावी, हा आमचा जुना नियम. त्याप्रमाणें नवा कॅमेरा हातीं येतांच आम्ही चांदा फोर्टाहून गोंदियाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील एका फाटकाशीं जाऊन उभे राहिलों. केळझर, मूल, राजोली, सिंदेवाही अशीं स्टेशनें घेत हा मार्ग बराचसा रानांतूनच जातो. पूर्वीं त्यावर अरुंद मापाची गाडी धांवत असे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तो रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला. रान मात्र होतें तेथेंच राहिलें.

वेगवान गाडी चित्रांत स्थिर कशी होते, हा हिशेब मोठा मौजेचा आहे. ताशीं ९० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदास २५ मीटर जाते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतेंच उघडलें, तर तेवढ्यांत ती अवघी अडीच सेंटिमीटर सरकते, आणि डब्यावरील अक्षरेंहि स्वच्छ वाचतां येतात. शिवाय आमचें यंत्र सेकंदाला दहा चित्रें घेतें. ज्यांनीं फिल्म जपून जपून वापरली, त्यांना हा उधळेपणाच वाटेल, आम्हांसहि वाटतो.

दूरवर भोंगा ऐकूं आला, आणि त्याच वेळीं पांच-सहा चितळें रुळांवर येऊन थबकलीं. आमच्या मनांत त्या क्षणीं काय आलें, तें लपविण्यांत अर्थ नाहीं: ‘जरा अशींच उभीं राहा!’ इतक्यांत गेटमन ओरडत, हातांतली झेंडी फडकावीत पुढें धांवला. चितळें रानांत उडालीं, गाडी निघून गेली. आम्हांस त्या माणसाचा राग आला.

घरीं येऊन मोजलें, तों चितळें रुळांवर असतांनाचीं चित्रें ३० भरलीं. म्हणजे तीन सेकंद. तेवढ्यांत गाडी सुमारें ७५ मीटर पुढें आली असली पाहिजे.

अनर्थ तर झाला नाहीं, मग दोष कसला, असें कोणी विचारील. कर्मेंद्रियें आवरून मनानें विषयांचें चिंतन करणाऱ्यास गीतेनें मिथ्याचारी म्हटलें आहे. आमचीं तर कर्मेंद्रियेंहि मोकळीं नव्हतीं. तीं कळ दाबण्यांत गुंतलीं होतीं. गोंधळलेलें जनावर एखादे वेळीं गाडीच्याच दिशेला पळतें, म्हणून स्तब्ध राहणेंच शहाणपणाचें, असाहि युक्तिवाद आम्हीं स्वतःशीं करून पाहिला. तो खराहि असेल. परंतु तो सुचला घरीं आल्यावर.

दुसरी सबब चित्राच्या उपयोगाची. नोव्हेंबर २०१८ मध्यें याच मार्गावर जुनोन्याजवळ वाघाचे तीन बछडे गाडीखालीं सांपडून मेले. अशा प्रसंगाचें चित्र पुरावा ठरतें, आणि तें घेणें कर्तव्यहि असूं शकतें. पण तेथें ओरडून कांहीं साधण्याची वेळ टळलेली असते. आमच्या फाटकावर ती टळली नव्हती. साधायचें तें साधलेंहि, मात्र दुसऱ्याच्या घशानें.

निघतांना गेटमननें विचारलें, “आला का जी फोटो?”

आम्हीं त्याला गाडीच्या शेवटच्या डब्याचें चित्र दाखविलें.

“बेस आला,” तो म्हणाला.